द्राक्षाचे पान फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोपखाली नेण्यापूर्वी

द्राक्षवेलीचे ताजे पान अतिनील प्रकाशाने उजळून सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तर त्याला कोणताही रंग लावलेला नसतानाही ते चमकते. हरितद्रव्य गडद लाल प्रकाश देते, शिरांमधल्या जलवाहिन्यांच्या भिंतींत साठलेले लिग्निन (लाकडाला कणखरपणा देणारे द्रव्य) निळे दिसते आणि जिथे पेशी मेल्या आहेत तिथे पिवळसर तपकिरी डाग उजळून निघतात. केवडा (डाउनी मिल्ड्यू) या द्राक्षावरच्या रोगाचे तंतू शोधायला बसलेल्या नवख्या विद्यार्थ्याला या सगळ्या उजेडात ठिकठिकाणी रोग दिसू लागतो, कारण त्याला तोच पाहायचा असतो. म्हणून या सूक्ष्मदर्शकासाठी नमुना तयार करताना मी रंग लावणे सर्वांत आधी शिकवत नाही. आपला नमुना स्वतःहून कुठे, कोणत्या रंगात आणि किती चमकतो, याची नोंद करणे ही पहिली पायरी आहे, असे मी मानते.

मी नाशिकमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवते. पदव्युत्तर वर्गातले बरेच विद्यार्थी निफाड, दिंडोरी, पिंपळगाव या पट्ट्यातून येतात, घरी द्राक्षबाग असते, आणि प्रकल्पाचा विषय निवडायची वेळ आली की केवडा आणि भुरी (पावडरी मिल्ड्यू) या दोन रोगांची नावे हमखास पुढे येतात. विषय उत्तमच आहेत. परंतु मायक्रोस्कोपसमोरचा वेळ कसा मिळेल याची काळजी त्यांना जेवढी असते, तेवढी स्लाइडची नसते. प्रत्यक्षात चित्र खरे येणार की खोटे, हे स्लाइड तयार होतानाच बहुतेक ठरून गेलेले असते.

भौतिकशास्त्राचा भाग थोडक्यात सांगते. काही रेणू एका तरंगलांबीचा प्रकाश शोषून त्याहून जास्त तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकतात, हे जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी 1852 मध्ये मांडले. डॅपी हे डीएनएला चिकटणारे रंगद्रव्य 358 नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश घेते आणि 461 नॅनोमीटरच्या आसपास निळा प्रकाश देते. फ्लुओरेसीनवर आधारलेला एफआयटीसी हा रंग 495 च्या जवळ उत्तेजित होऊन 519 च्या जवळ हिरवा चमकतो. मायक्रोस्कोपमधले फिल्टर उत्तेजित करणारा प्रकाश अडवतात आणि नमुन्याकडून आलेला तेवढा पुढे जाऊ देतात. मात्र तो प्रकाश आपण लावलेल्या रंगाचा आहे, पानातल्या लिग्निनचा आहे की स्लाइडवरच्या धुळीचा आहे, हे फिल्टरला कळत नाही आणि कॅमेऱ्यालाही कळत नाही. तो फरक करण्याची सोय नमुना तयार करणाऱ्यालाच करून ठेवावी लागते.

केवड्याचे उदाहरण मी सविस्तर घेते, कारण आपल्या भागात ते हाताशी आहे आणि शिकण्यासारखे त्यात पुष्कळ आहे. हा रोग ज्या प्लास्मोपारा व्हिटिकोलामुळे होतो त्याला आपण सवयीने बुरशी म्हणत असलो, तरी तो ऊमायसीट गटातला जीव आहे आणि त्याच्या पेशीभित्तिकेत मुख्यतः सेल्युलोज व बीटा-ग्लुकन ही साखरेच्या लांब साखळ्यांची द्रव्ये असतात. ओल्या पानावर त्याचे चलबीजाणू पोहत पर्णरंध्रापर्यंत जातात, तिथे स्थिरावतात आणि एक बारीक नळी आत सोडतात. पुढचे काही दिवस तंतू पेशींच्या मधल्या जागेतून पसरत राहतात आणि बाहेरून पान निरोगीच दिसते. तेलकट डाग नंतर उमटतो आणि पानाच्या पाठीवरची पांढरी वाढ त्याहूनही नंतर येते. ऑक्टोबरमधल्या फळछाटणीनंतर पोंगा अवस्थेपासून (डोळे नुकते फुटत असल्यापासून) घड फुलोऱ्यात येईपर्यंतचा काळ बागायतदारांना का धास्तावून सोडतो, हे या मधल्या अदृश्य दिवसांवरून समजते. फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोप नेमके हेच दिवस दाखवू शकतो.

एका बागायतदार काकांनी मला विचारले होते, ‘मॅडम, डाग तर डोळ्यांनी दिसतो, मग त्याला मशीन कशाला?’ ‘काका, डाग पडायच्या आधी तो कुठवर पोहोचलाय ते बघायचंय,’ असे मी सांगितल्यावर त्यांनी स्वतः हिंडून, डाग नसलेली पण शेजारच्या वेलीवर रोग आलेली पाने काढून दिली. तो नमुना निवडण्याचा योग्यच मार्ग होता.

पान तोडण्यापासून तयारी सुरू होते. द्राक्षाच्या पानाची पर्णरंध्रे खालच्या बाजूला असतात, म्हणून पाठ घासली जाणार नाही असे पान देठासह काढावे, ओलसर टिशू कागदात सैल गुंडाळून पिशवीत ठेवावे आणि ती पिशवी थंड पेटीत, परंतु बर्फाला थेट न टेकवता ठेवावी. कोणती जात, फुटीवर वरून कितवे पान, शेवटची फवारणी कशाची व केव्हा, हे तिथेच पिशवीवर लिहावे; प्रयोगशाळेत आल्यावर ते आठवत नाही. बोर्डो मिश्रणाची फवारणी झालेली असेल तर पानावर चुना आणि तांब्याचा निळसर थर असतो. त्याचे कण प्रकाश विखुरतात आणि चित्रात ठिपके होऊन बसतात, त्यामुळे ट्वीन-20 या सौम्य साबणासारख्या द्रव्याचा एखादा थेंब घातलेल्या डिस्टिल्ड पाण्यात पान हलक्या हाताने धुऊन घ्यावे. साधे नळाचे पाणी शेवटच्या धुण्याला वापरू नये, कारण पाणी जड असेल तर त्यातले कॅल्शियम पुढच्या पायरीतल्या फॉस्फेट बफरशी (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाशी) संयोग पावून बारीक साका तयार करते.

आता एक बारकावा, जो मला फार महत्त्वाचा वाटतो. केवड्याचे तंतू दाखवण्यासाठी सर्वाधिक वापरले जाणारे रंगद्रव्य म्हणजे ॲनिलिन ब्लू. ते बीटा-1,3-ग्लुकनला धरून अतिनील प्रकाशात पिवळसर हिरवे चमकते. वनस्पती स्वतः जखमेवर जो कॅलोज नावाचा पदार्थ चढवते, तोही बीटा-1,3-ग्लुकनच असतो आणि तो जखम झाल्यापासून काही मिनिटांतच जमू लागतो. म्हणजे पानातून गोल चकती कापून ती बाकावर ठेवून आपण बाटलीवर नावे लिहीत बसलो, तर चकतीची कड कॅलोजने भरून जाते आणि नंतर रोगासारखीच उजळते. यासाठी बाटल्या, चिठ्ठ्या व द्रावणे आधी तयार असावीत, चकती कापली की लगेच द्रावणात पडावी, आणि निरीक्षण करताना कडेचा भाग मोजणीतून वगळावा.

आमच्याकडे रूढ असलेली कृती अशी आहे. चकत्या 1 मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये सुमारे 95 अंश सेल्सिअसच्या पाण्याच्या बाथमध्ये पंधरा मिनिटे ठेवतात. काही ठिकाणी हेच काम ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात करतात. यात हरितद्रव्य निघून जाते, ऊती मऊ व पारदर्शक होतात आणि लाल प्रकाशाचा अडथळा बराच कमी होतो. चकती या अवस्थेत इतकी लिबलिबीत होते की चिमटा लावला की फाटते. म्हणून ती चिमट्याने न उचलता रुंद तोंडाच्या ड्रॉपरने किंवा चपट्या ब्रशवर झेलून हलवावी. त्यानंतर डिस्टिल्ड पाण्याने तीन वेळा धुऊन 0.067 मोलर डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेटमध्ये केलेल्या 0.05 टक्के ॲनिलिन ब्लूच्या द्रावणात, साधारण 9 पीएचला, चकती ठेवायची. हे द्रावण आदल्या दिवशी करून अंधारात ठेवावे आणि गाळून घ्यावे. सुरुवातीला निळे असलेले द्रावण अल्कलीमुळे फिके, जवळजवळ रंगहीन होते, आणि ते तसेच व्हायला हवे. येथे हेही सांगायला हवे की चमकणारा घटक हा बाजारात मिळणाऱ्या रंगाच्या भुकटीतला एक अल्प अंश असतो, त्यामुळे एका बाटलीचा अनुभव दुसऱ्या बाटलीला लागू पडेलच असे नाही. नवी बाटली उघडली की पहिल्यांदा माहीत असलेल्या नमुन्यावर ती तपासून घ्यावी.

हा माहीत असलेला नमुना पानातच असतो, ही या पद्धतीची सर्वांत सुंदर बाजू आहे. शिरांमधल्या रसवाहिन्यांच्या चाळणीसारख्या पडद्यांवर कॅलोज असतेच, अगदी निरोगी पानातही. तेव्हा स्लाइड लावल्यावर आधी शिरेकडे जावे आणि रसवाहिनीत ओळीने मांडलेले पिवळसर हिरवे ठिपके दिसतात का ते पाहावे. ते दिसले तर रंग चढला आहे. ते दिसत नसतील आणि पानात तंतूही दिसत नसतील, तर ‘रोग नाही’ असे लिहिण्याचा आपल्याला अधिकार नाही, कारण रंगच चढलेला नाही.

शिरेच्या शेजारीच जलवाहिन्यांची सर्पिल वेटोळी निळी चमकत असतात. ती लिग्निनची, आणि अल्कलीत उकळूनही ती जात नाहीत. इथे फिल्टरची निवड निर्णायक ठरते. डॅपीसाठीचा अरुंद फिल्टर लावला तर फक्त निळा पट्टा पुढे येतो आणि लिग्निन व कॅलोज दोन्ही निळेच दिसतात. त्याऐवजी निळ्याच्या पुढचा सर्व प्रकाश जाऊ देणारा लाँग-पास फिल्टर असेल तर लिग्निन निळे आणि कॅलोज पिवळसर हिरवे असे दोघे वेगळे होतात. सूक्ष्मदर्शक चालवणाऱ्या तंत्रज्ञाला भेटायला जाण्याआधी हा प्रश्न फोनवर विचारून घ्यावा.

एवढे करूनही आकार ओळखण्याचे काम उरते. प्लास्मोपाराचे तंतू पेशींच्या मधून वाकडेतिकडे, जागेप्रमाणे फुगत व आवळत जातात आणि पेशीत शिरणारी छोटी गोल शोषकांगे त्यांना लागलेली असतात. प्रतिकारक जातीत मात्र पर्णरंध्राभोवती वेलीने स्वतः चढवलेले कॅलोजचे जाड कडे दिसू शकते. तेही तितकेच चमकते, पण ते रोगाचे शरीर नसून वेलीचा प्रतिसाद आहे. दोन्ही एकाच रंगात दिसतात, म्हणून केवळ ‘चमक किती’ याची संगणकावर बेरीज करून रोगाची तीव्रता ठरवणारे प्रकल्प मला मान्य होत नाहीत. माझ्या विद्यार्थ्यांकडून मी चार स्लाइड मागते: निरोगी पान रंगाविना, निरोगी पान रंगासह, रोगट पान रंगाविना आणि रोगट पान रंगासह. चारही एकाच जातीच्या, शक्यतो एकाच वयाच्या पानांच्या, आणि एकाच दिवशी एकाच द्रावणातून गेलेल्या असाव्यात.

भुरीचे काम यापेक्षा सोपे आहे. ती खरी बुरशी असल्याने तिच्या पेशीभित्तिकेत कायटिन असते, तिचा पसारा पानाच्या पृष्ठभागावरच असतो, आणि कॅल्कोफ्लुअर व्हाइटसारखे कायटिन व सेल्युलोज दोन्हींना धरणारे रंगद्रव्य घेतले तरी आकारावरून ती लगेच ओळखता येते. गव्हाच्या अंकुरातले डब्ल्यूजीए हे प्रथिन हिरव्या रंगद्रव्याला जोडून वापरले तर कायटिन अधिक नेमकेपणाने दिसते, परंतु ते महाग पडते.

प्रथिने पाहायची असतील तर अल्कलीत उकळण्याचा मार्ग चालत नाही. तिथे ऊती जशी आहे तशी स्थिर करावी लागते. त्यासाठी सहसा 7.4 पीएचच्या फॉस्फेट बफरमधले 4 टक्के फॉर्मल्डिहाइड वापरतात, आणि ते पॅराफॉर्मल्डिहाइडपासून ताजे केलेले असावे, कारण बाजारातल्या फॉर्मलिनमध्ये ते टिकावे म्हणून मिथेनॉल मिसळलेले असते. ग्लुटराल्डिहाइड ऊती अधिक घट्ट पकडते, पण स्वतःच मोठी चमक निर्माण करते, म्हणून या कामात ते टाळलेलेच बरे. पानाच्या बाबतीत खरी अडचण हवेची असते. मेणचट आवरण आणि आतल्या हवेच्या पोकळ्या यांमुळे चकती द्रावणावर तरंगत राहते व द्रावण आत जात नाही. निर्वात पंपाखाली ठेवून हवा हळूहळू काढली की बुडबुडे निघतात, आणि पुन्हा हवा सोडल्यावर चकती गडद होऊन तळाशी बसते. जोवर ती बसत नाही तोवर स्थिरीकरणाचा वेळ मोजायला सुरुवात करू नये. फॉर्मल्डिहाइड माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या यादीत आहे. धुरांडे चालू असलेल्या फ्यूम हूडखाली आणि हातमोजे घालूनच हे काम व्हावे, यात कोणतीही सवलत मी देत नाही.

अँटिबॉडीला चमकणारे रंगद्रव्य जोडून ऊतीतला विशिष्ट पदार्थ शोधण्याची वाट अल्बर्ट कून्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1941 मध्ये दाखवली. वनस्पतीत ही वाट पेशीभित्तिकेपाशी अडते: सुमारे 150 किलोडाल्टनची अँटिबॉडी सेल्युलोजच्या जाळीतून सहज जात नाही, म्हणून सेल्युलेज व पेक्टिनेज या विकरांनी भिंत थोडी सैल करावी लागते आणि ट्रायटन एक्स-100 या साबणासारख्या द्रव्याने पेशीपटलाला छिद्रे पाडावी लागतात. मग बीएसए या गाईच्या रक्तातल्या प्रथिनाच्या द्रावणात ऊती ठेवून चिकटण्याच्या मोकळ्या जागा आधीच भरून टाकायच्या, पहिली अँटिबॉडी, धुणे, दुसरी रंगीत अँटिबॉडी, पुन्हा धुणे. पहिली अँटिबॉडी न लावता फक्त दुसरी लावलेली एक स्लाइड सोबत हवीच. आपल्याकडे मार्च ते मे या महिन्यांत हवा इतकी कोरडी असते की स्लाइडवरचा अँटिबॉडीचा थेंब कडेने सुकू लागतो, आणि सुकलेली कड काहीही नसताना भडक चमकते. झाकणाच्या पेटीत ओला फिल्टर कागद अंथरून त्यावर स्लाइड ठेवल्या की हा त्रास राहत नाही.

ज्यांना पहिल्यांदाच हात बसवायचा आहे त्यांनी कांदा घ्यावा. लासलगावच्या बाजाराजवळ राहून कांद्यासाठी दूर जायला नको, आणि कांद्याच्या आतल्या पाकळीचा पातळ पापुद्रा एका थराचा असतो, त्यात हरितद्रव्य नसते, त्यामुळे पार्श्वभूमी काळीभोर मिळते. इथे स्थिरीकरण करायचेच नाही, जिवंत पेशीच पाहायच्या. फ्लुओरेसीन डायॲसिटेट हे मुळात न चमकणारे द्रव्य जिवंत पेशीत शिरते, तिथली विकरे त्याचे तुकडे करतात आणि मोकळे झालेले फ्लुओरेसीन हिरवे चमकते. प्रोपिडियम आयोडाइड मात्र पटल फाटलेल्या मृत पेशींच्या केंद्रकातच पोहोचून लाल दिसते. वनस्पतींच्या बाबतीत लक्षात ठेवायचे ते एवढेच, की प्रोपिडियम आयोडाइड जिवंत पेशींच्या भिंतींनाही लाल करते, तेव्हा लाल भिंत पाहून पेशी मेली असे समजू नये, केंद्रक पाहावे. पापुद्र्याचा एक तुकडा काही मिनिटे उकळत्या पाण्यात धरून घेतला की मृत पेशींचा नमुनाही तयार होतो.

शेवटी कव्हरस्लिप, म्हणजे नमुन्यावर ठेवायची पातळ काच. बहुतेक वस्तुभिंगे 0.17 मिलिमीटर जाडीच्या काचेसाठी घडवलेली असतात, आणि त्या काचांना क्रमांक 1.5 म्हणतात; महाविद्यालयांच्या कपाटात बहुधा क्रमांक 1 च्या पातळ काचा असतात, आणि जास्त क्षमतेच्या कोरड्या वस्तुभिंगाखाली हा फरक चित्राच्या धूसरपणात दिसतो. नमुना कशात बसवला आहे यालाही तितकेच महत्त्व आहे. पाण्याचा अपवर्तनांक 1.33, ग्लिसरॉलचा 1.47 आणि काचेचा व इमर्शन तेलाचा सुमारे 1.515, जितकी तफावत जास्त तितके खोलवरचे तंतू फिसकटलेले दिसतात. ग्लिसरॉलमध्ये एन-प्रोपिल गॅलेटसारखे द्रव्य मिसळले तर प्रकाशाने रंग विझण्याचा वेगही कमी होतो. कडा नेलपॉलिशने बंद कराव्यात, पण ते रंगहीन असावे, कारण रंगीत नेलपॉलिश स्वतः चमकते.

आमच्या कामाला कॉन्फोकल (नमुन्याच्या ठरावीक खोलीचा एकेक थर टिपणारा सूक्ष्मदर्शक) लागला तर पुण्याच्या एखाद्या संशोधन संस्थेत वेळ घेऊन जावे लागते, आणि दोनशे किलोमीटरचा रस्ता स्लाइडला मानवत नाही. ग्लिसरॉलमधल्या स्लाइडवर कव्हरस्लिप सरकते आणि मऊ झालेली चकती तिच्याखाली चिरडते. अशा प्रवासासाठी मी दोनपैकी एक मार्ग सुचवते. घट्ट होणाऱ्या माध्यमात स्लाइड बसवून, आडव्या व अंधारात किमान एक रात्र सुकू देऊन मगच न्याव्यात. किंवा, ॲनिलिन ब्लूच्या कामात हेच अधिक सोयीचे, अल्कलीतून धुऊन काढलेल्या चकत्या बफर भरलेल्या छोट्या बाटल्यांत थंड पेटीतून न्याव्यात आणि रंग तिथे पोहोचल्यावर लावावा. दुसऱ्या मार्गात सकाळी लवकर निघणे, गाळलेला रंग वेगळ्या काळ्या बाटलीत नेणे आणि कव्हरस्लिपची डबी आपलीच नेणे एवढे सांभाळले की पुरे.

मायक्रोस्कोपसमोर बसल्यावर पहिली स्लाइड रंग न लावलेल्या रोगट पानाची लावावी. तिच्यावर जी प्रकाशतीव्रता व जो एक्सपोजर ठेवल्यावर पार्श्वभूमी जेमतेम दिसेल, त्याची नोंद करून पुढच्या तिन्ही स्लाइडना तीच मापे लावावीत, आणि यंत्राचा स्वयंचलित एक्सपोजर बंद ठेवावा, कारण तो रिकाम्या स्लाइडलाही उजळून दाखवतो. केंद्रस्थानी आणायचा भाग कमी प्रकाशात शोधावा, चित्र घ्यायच्या क्षणीच प्रकाश वाढवावा, आणि एकाच जागी अनेक चित्रे घ्यायची असतील तर सर्वांत लवकर विझणारे रंगद्रव्य आधी टिपावे. प्रकल्पाच्या अहवालात रंगीत तंतूंचे चित्र छापताना त्याच्याच शेजारी, त्याच आकारात, त्याच एक्सपोजरचे रंगाविना पानाचे चित्र मी छापायला लावते, आणि कोणता फिल्टर होता ते दोन्हींच्या खाली लिहायला लावते.